डेल्फाय : क्षेत्र, अवशेष व प्रवासी

डेल्फाय : ग्रीसमधील एक प्राचीन धर्मक्षेत्र व जगप्रसिद्ध पुरातत्त्वीय स्थळ. ते मध्य ग्रीसच्या फोसिस विभागात, पार्नॅसस पर्वताच्या (२,४५७ मी.) दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर असून अथेन्सच्या वायव्येस रस्त्याने सु. १८० किमी. आहे. अपोलो देवतेचे मंदिर, तेथे मिळणारा कौल आणि पिथियन क्रीडामहोत्सव यांमुळे सु. हजार वर्षे हे स्थान ग्रीक जगाचे केंद्र मानले जाई. आज अथेन्सहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या, मार्गदर्शकासह काढलेल्या सहलींचे ते एक प्रमुख ठिकाण आहे. अशी सहल ही आधुनिक काळाची देणगी असल्याचा समज होतो. परंतु डेल्फायला बाहेरून आलेल्या पाहुण्यांना अवशेष व स्मारके हिंडून दाखविण्याची प्रथा निदान १,९०० वर्षांची जुनी आहे. या क्षेत्राचा इतिहास बव्हंशी तेथे राहणाऱ्यांपेक्षा तेथे येणाऱ्यांनी घडविला. त्याचे वैभव येणाऱ्यांनी वाढविले, त्यांच्यातील काहींनी ते लुटले आणि शेवटी येणाऱ्यांना ते पाहता यावे म्हणून तेथे राहणाऱ्यांना आपले गाव सोडावे लागले.

स्थान व परिसर : डेल्फायच्या माथ्यावर फीड्रिअडीझ या नावाने ओळखले जाणारे चुनखडकाचे दोन प्रचंड कडे उभे आहेत. सूर्यप्रकाशात ते झळकतात म्हणून त्यांस ‘तेजस्वी’ अशा अर्थाचे हे नाव पडले. दोन कड्यांमधील घळीच्या तोंडाशी कॅस्टेलियाचा झरा असून कौल घेण्यापूर्वी यात्रेकरू त्याच्या पाण्याने शुद्ध होत. खाली प्लाइस्टोस नदीची खोल दरी असून ती पश्चिमेस ऑलिव्ह वृक्षांनी भरलेल्या मैदानात उतरते. हे मैदान कॉरिंथच्या आखातावरील इतेआ बंदरापर्यंत पसरले आहे. मंदिराच्या चौथऱ्यावरून दरी, मैदान आणि आखाताची निळी कड असे दृश्य एका नजरेत येते. मात्र आजच्या प्रवाशांस मोहविणारी ही हिरवाई प्राचीन काळी सर्वत्र नव्हती. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या प्रारंभी झालेल्या पहिल्या पवित्र युद्धानंतर क्रिसाचे मैदान देवाला अर्पण करण्यात आले व तेथे नांगर धरण्यास बंदी घातली गेली. ही बंदी मोडून अँफिसाच्या लोकांनी तेथे शेती केल्याचा आरोप इ. स. पू. ३३९ मध्ये झाला. त्यातून उद्‌भवलेल्या युद्धाचे निमित्त करून मॅसिडोनियाचा दुसरा फिलिप दक्षिणेत उतरला आणि पुढील वर्षी कॅरोनियाच्या लढाईत ग्रीक नगरराज्यांचे स्वातंत्र्य संपुष्टात आले.

डोंगर आणि अवशेष या येथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या पर्वताने क्षेत्राला गांभीर्य दिले, त्यानेच ते वारंवार उद्ध्वस्तही केले. इ. स. पू. ४८० मध्ये इराणी सैन्य चालून आले, तेव्हा पार्नॅससवरून दोन प्रचंड शिळा निखळून त्यांच्यावर कोसळल्या, असे हीरॉडोटस सांगतो. त्याच्या काळी त्या अथीनाच्या आवारात दाखविल्या जात. इ. स. पू. ३७३ च्या सुमारास भूकंप व दरडी यांमुळे अपोलोचे मंदिर ढासळले. उत्खननात उघडे पडलेले अथीना प्रोनाइआच्या जुन्या मंदिराचे अनेक स्तंभ १९०५ मध्ये दरड कोसळून मोडले. अलीकडच्या काळातही दरडींच्या भीतीने कॅस्टेलियाचा झरा व क्रीडांगण यांच्या काही भागांत प्रवेश बंद ठेवावा लागला आहे.

पुराणकथा व कौल : झ्यूसने पृथ्वीच्या दोन टोकांकडून दोन गरुड सोडले व ते डेल्फायला एकत्र आले, म्हणून हे स्थान पृथ्वीची नाभी ठरले, अशी ग्रीक पुराणकथा आहे. नाभीचे प्रतीक असलेली ओम्फॅलॉस नावाची शिळा मंदिरात होती. तेथील पायथॉन नावाच्या सर्पास मारून अपोलोने हे स्थान आपलेसे केले, अशी दुसरी कथा असून पिथिया व पिथियन ही नावे तिच्याशी जोडली जातात. उत्खननात येथे मायसीनियन काळातील वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. तथापि अपोलोच्या क्षेत्राचा उत्कर्ष इ. स. पू. आठव्या शतकापासून सुरू झाला.

देवाच्या वतीने कौल देणारी स्त्री पिथिया या नावाने ओळखली जाई. ती डेल्फायमधीलच असे. उत्तरकालीन उल्लेखांनुसार तिचे वय पन्नाशीच्या पुढे असले, तरी तिचा वेश कुमारिकेचा असे. प्रारंभी वर्षातून एकदा व पुढे महिन्यातून एकदा, सातव्या दिवशी, कौल दिला जाई. हिवाळ्याचे तीन महिने अपोलो अन्यत्र असतो अशी समजूत असल्याने त्या काळात कौल बंद राही. प्रश्नकर्त्याला ठराविक दक्षिणा द्यावी लागे. बळी द्यावयाच्या बोकडावर थंड पाणी शिंपडीत. तो थरथरला तरच देव अनुकूल आहे असे मानीत. बाहेरून आलेल्यांसाठी त्यांच्या नगराचे हितसंबंध पाहणारा डेल्फायचा रहिवासी, म्हणजे प्रोक्सेनॉस, मध्यस्थी करी. भारतीय तीर्थक्षेत्रांत यात्रेकरूच्या गावावरून त्याचा क्षेत्रोपाध्याय ठरतो, त्याच्याशी या व्यवस्थेचे काहीसे साम्य दिसते. क्षेत्रावर उपकार करणाऱ्या नगरांना वा व्यक्तींना रांगेत अग्रक्रमाचा हक्क दिला जाई. असे हक्क शिलालेखांत कोरून ठेवलेले आढळतात.

पिथियाच्या उन्मनी अवस्थेचे कारण जमिनीतून निघणारी वाफ होती, असे काही प्राचीन लेखक म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात मंदिराखाली मोठी भेग आढळली नाही, म्हणून ही कल्पना दीर्घकाळ त्याज्य ठरली होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूवैज्ञानिक संशोधनात मंदिराजवळ प्रस्तरभंगांचा छेद व हायड्रोकार्बन वायूंचे अंश दाखविण्यात आले. मात्र ते वायू कोणते व त्यांचे प्रमाण गुंगी आणण्याइतके होते काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

यात्रा व अर्पणे : डेल्फायला येण्याचे मार्ग दोन होते. समुद्रमार्गे येणारे किर्राच्या बंदरात उतरून डोंगर चढत. खुष्कीने येणारे बीओशियातून पार्नॅससला वळसा घालून येत. इडिपसने आपल्या पित्याला अजाणता ठार मारले तो तिठा याच मार्गावर असल्याचे मानले जाई. किर्राचे लोक यात्रेकरूंकडून जुलमाने कर उकळीत, म्हणून शेजारच्या जमातींच्या संघाने (अँफिक्टिअनी) पहिले पवित्र युद्ध पुकारले, अशी परंपरा आहे. या युद्धानंतर क्षेत्राचा कारभार या संघाकडे आला आणि दर चार वर्षांनी भरणाऱ्या पिथियन महोत्सवाची नव्याने मांडणी झाली. त्यात शारीरिक स्पर्धांइतकेच महत्त्व संगीताला होते. महोत्सवाची घोषणा करण्यासाठी डेल्फायचे दूत गावोगाव जात. त्यांचे आतिथ्य करणाऱ्या यजमानांच्या लांबलचक याद्या दगडावर कोरलेल्या सापडल्या आहेत.

यात्रेकरूंच्या नवसांतून व युद्धांतील लुटीच्या दशांशातून डेल्फायचा डोंगरउतार स्मारकांनी भरून गेला. प्रवेशद्वारापासून मंदिराकडे नागमोडी चढत जाणाऱ्या पवित्र मार्गाच्या दोन्ही बाजूंस नगरराज्यांनी पुतळे व लहान मंदिरांसारखी कोषागारे उभारली. सिफ्नॉस बेटाने आपल्या खाणींच्या उत्पन्नातून इ. स. पू. ५२५ च्या सुमारास संगमरवरी कोषागार बांधले. अथेन्सने आपले कोषागार मॅरेथॉनच्या विजयाशी जोडले. प्लाटीआच्या विजयानंतर (इ. स. पू. ४७९) एकत्र आलेल्या ग्रीकांनी गुंफलेल्या तीन सर्पांचा ब्राँझस्तंभ अर्पण केला. ज्यांनी तो मिळून अर्पण केला, त्यांनीच पुढे एकमेकांवर मिळविलेल्या विजयांची स्मारके त्याच मार्गावर समोरासमोर उभी केली. त्यामुळे पवित्र मार्गावरून चालणे म्हणजे ग्रीकांच्या एकीचा व दुहीचा इतिहास क्रमाने पाहणे होय. मंदिराखालच्या बहुकोनी दगडांच्या भिंतीवर एका वेगळ्या प्रकारच्या लोकांची नोंद आहे. गुलामाने स्वतःची किंमत भरून देवाला आपली ‘विक्री’ करवून घ्यावी व त्यायोगे मुक्त व्हावे, अशी येथे पद्धत होती. हजाराहून अधिक दास्यमुक्तिलेख डेल्फायला मिळाले असून त्यांतील बरेच या भिंतीवर आहेत.

मंदिराच्या प्रवेशकक्षात ‘स्वतःला ओळख’, ‘अति नको’ अशी नीतिवचने कोरलेली होती. ही वचने किती दूर पोहोचली याचा पुरावा अफगाणिस्तानात ऑक्सस नदीकाठी मिळाला. तेथील आइ-खानुम या ग्रीक नगराच्या उत्खननात १९६६ मध्ये सापडलेल्या लेखात, क्लिआर्कस नावाच्या गृहस्थाने पवित्र पायथो येथील, म्हणजे डेल्फायची, वचने काळजीपूर्वक उतरवून आणून येथे स्थापिली, असे म्हटले आहे. हा लेख इ. स. पू. तिसऱ्या शतकातील असावा. याच शतकात कंदाहारला अशोकाचे ग्रीक भाषेतील लेख कोरले गेले.

यात्रेवर जगणाऱ्या गावाविषयी टीकाही झाली. डेल्फायचे लोक शेती न करता देवाच्या नैवेद्यावर जगतात, अशी थट्टा कथाकार इसापने केली व त्यांनी त्याला कड्यावरून लोटून दिले, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता संशयास्पद असली, तरी येणाऱ्यांवर अवलंबून असलेल्या गावाकडे बाहेरचे लोक कोणत्या दृष्टीने पाहत हे तीवरून कळते.

प्राचीन मार्गदर्शक : रोमन अंमलात (इ. स. पू. १९१ नंतर) डेल्फायचे राजकीय महत्त्व ओसरले. नगरराज्ये युद्ध व वसाहती यांविषयी कौल घेईनाशी झाली. त्याऐवजी विवाह करावा की नाही, जलप्रवासास निघावे काय, पैसे कर्जाऊ द्यावेत काय, असे घरगुती प्रश्न विचारले जाऊ लागले, असे प्लूटार्क (सु. ४६–सु. १२०) लिहितो. तो जवळच्या कॅरोनियाचा रहिवासी असून अनेक वर्षे डेल्फायला पुरोहित होता. पूर्वी दोन पिथिया आळीपाळीने काम करीत व तिसरी राखीव असे. आता एकच पुरते, अशीही नोंद त्याने केली आहे.

पिथिया पद्यात कौल का देत नाही, या विषयावरील प्लूटार्कच्या संवादात डेल्फाय पाहावयास आलेल्या मंडळींचे चित्र आहे. पर्गामम येथील एका जिज्ञासू तरुणाला क्षेत्र दाखविले जात असते. मार्गदर्शक आपले ठरलेले निवेदन म्हणत जातात. भाषण आवरते घ्यावे व प्रत्येक लेखाचा अर्थ सांगू नये, ही पाहुण्यांची विनंती ते मनावर घेत नाहीत. पाहुणे मात्र मध्येच थांबून ब्राँझवर चढलेल्या निळसर झाकेची कारणे शोधू लागतात आणि फेरी संध्याकाळपर्यंत लांबते. एके ठिकाणी मार्गदर्शक ऱ्होडोपिस या गणिकेने अर्पण केलेले लोखंडी गज जेथे पूर्वी होते, ती रिकामी जागा दाखवितो. डेल्फायच्या इतिहासात हा प्रसंग अर्थपूर्ण आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतच तेथे वस्तूंइतक्याच वस्तूंच्या रिकाम्या जागा दाखविल्या जात होत्या आणि मार्गदर्शकाचे काम नसलेले डोळ्यांपुढे उभे करण्याचे झाले होते.

दुसऱ्या शतकात पॉसेनिअस याने आपल्या ग्रीसवर्णनाच्या दहाव्या खंडात डेल्फायची स्मारके चालण्याच्या क्रमाने वर्णिली. त्याने स्थानिक मार्गदर्शकांकडून माहिती घेतली; परंतु ती प्रत्येक वेळी मान्य केली नाही. त्याचा ग्रंथ पुढे पुरातत्त्वज्ञांना अत्यंत उपयुक्त ठरला. पायांखालचे दगड कोणत्या स्मारकाचे आहेत हे ओळखण्याचे ते प्रमुख साधन झाले.

लूट व ऱ्हास : डेल्फायची संपत्ती उघड्यावर असल्याने तिचा मोह अनेकांना पडला. तिसऱ्या पवित्र युद्धात (इ. स. पू. ३५६–३४६) फोसिसच्या लोकांनी क्षेत्र बळकावून सोन्याचांदीची अर्पणे वितळविली व त्यांतून भाडोत्री सैन्याचे पगार भागविले. इ. स. पू. २७९ मध्ये गॉल टोळ्यांचा हल्ला परतविण्यात आला. इ. स. पू. ८६ मध्ये रोमन सेनानी सला याने मौल्यवान वस्तू युद्धखर्चासाठी नेल्या. नीरोने ५०० ब्राँझपुतळे उचलून नेल्याचे पॉसेनिअस सांगतो. त्यानंतरही बादशहा हेड्रिअनसारख्यांच्या आश्रयामुळे क्षेत्र काही काळ सावरले. कॉन्स्टंटीनने आपल्या नव्या राजधानीच्या शोभेसाठी प्लाटीआचा सर्पस्तंभ नेला. त्याचा उरलेला भाग आजही इस्तंबूलमध्ये उभा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस पहिल्या थीओडोशिअसने जुन्या देवतांच्या उपासनेवर बंदी घातली. पुढे डेल्फायला ख्रिस्ती वस्ती व चर्चे झाली आणि सातव्या शतकाच्या प्रारंभी तीही ओस पडली.

विस्मृती व पुनर्शोध : मध्ययुगात अवशेषांवर कास्त्री हे गाव वसले. त्यातील घरांना प्राचीन शिळा लावलेल्या होत्या. डेल्फाय हे नाव मात्र व्यवहारातून गेले होते. १४३६ मध्ये अँकोना येथील व्यापारी व पुराणवस्तुप्रेमी चिरिआको याने सहा दिवस येथे राहून शिलालेख उतरवून घेतले. १६७६ मध्ये झाक स्पॉन व जॉर्ज व्हीलर या प्रवाशांनी कास्त्री म्हणजेच प्राचीन डेल्फाय होय, हे लेखांच्या आधारे निश्चित केले. त्यानंतर यूरोपीय प्रवाशांची ये-जा वाढली. इतेआला उतरून खेचरावरून वर यावे व गावकऱ्यांच्या मदतीने घरांच्या भिंतींत, अंगणांत व मठात लपलेले कोरीव दगड शोधावेत, असा त्यांचा क्रम असे. डिसेंबर १८०९ मध्ये आलेल्या कवी बायरनने एका प्राचीन स्तंभावर आपले नाव कोरले. त्या काळी अनेक प्रवासी असे करीत. आज तो गुन्हा ठरतो. जर्मन विद्वान कार्ल ओट्‌फ्रीट म्यूलर याने १८४० च्या उन्हाळ्यात येथे शिलालेख उतरविण्याचे काम केले. त्या श्रमाने तो आजारी पडला व अथेन्सला मृत्यू पावला.

कास्त्री गाव व उत्खनन : अवशेष गावाखाली असल्याने मोठे उत्खनन गाव हलविल्याशिवाय शक्य नव्हते. १८७० च्या भूकंपात कास्त्रीचे मोठे नुकसान झाले आणि स्थलांतराची चर्चा सुरू झाली. पण पैशाचा प्रश्न सुटेना. फ्रान्सच्या अथेन्समधील पुरातत्त्वविद्यालयाने (स्थापना १८४६) येथे आधी लहान उत्खनने केली होती. जर्मनांनी ऑलिंपियाचे उत्खनन केल्यानंतर डेल्फाय आपल्याकडे यावे, असा फ्रेंचांचा आग्रह होता. अमेरिकनांनाही त्यात रस होता. ग्रीक शासनाने ही परवानगी व्यापारी वाटाघाटींशी, विशेषतः फ्रान्समध्ये जाणाऱ्या ग्रीक मनुकांवरील जकातीशी, जोडली. त्यामुळे करार अनेक वर्षे रेंगाळला. अखेर १८९१ मध्ये तो झाला व फ्रेंच संसदेने कामासाठी ५ लाख फ्रँक मंजूर केले. गाव सु. एक किमी. पश्चिमेस, डोंगराच्या वळणापलीकडे हलविण्याचे ठरले.

ऑक्टोबर १८९२ मध्ये तेओफील ओमॉल याच्या नेतृत्वाखाली काम सुरू होताच गावकऱ्यांनी ते अडविले. घरे जाणार हे निश्चित झाले होते. मोबदला मात्र हाती पडला नव्हता. सैनिकांच्या बंदोबस्तात काम पुढे न्यावे लागले. मोबदल्याचे व्यवहार मार्गी लागल्यावर घरे क्रमाने पाडण्यात आली. मातीचे ढिगारे हलविण्यासाठी अरुंद रुळांवरून ढकलगाड्या चालविल्या गेल्या आणि गावकऱ्यांपैकी अनेक जण आपल्याच गावाच्या जागी मजूर म्हणून राबले. उत्खननाचे यश थक्क करणारे होते. १८९३ मध्ये अथेन्सचे कोषागार उघडे पडले. त्याच्या भिंतीवर स्वरलिपीसह कोरलेली अपोलोची स्तोत्रे मिळाली. ती इ. स. पू. १२८ च्या सुमारास अथेन्सहून निघणाऱ्या यात्रेसाठी रचलेली असून प्राचीन संगीताचा तो दुर्मिळ पुरावा होय. १८९६ मध्ये ब्राँझचा सारथी सापडला. तो सु. १·८० मी. उंच असून सिसिलीतील गेला येथील पॉलिझेलस याने रथस्पर्धेच्या विजयाप्रीत्यर्थ इ. स. पू. ४७० च्या दशकात अर्पण केलेल्या शिल्पसमूहाचा भाग होता. इ. स. पू. ३७३ च्या दरडीखाली तो गाडला गेल्यामुळेच पुढच्या लुटारूंच्या हातून वाचला असे मानतात. १९०३ मध्ये डेल्फायला संग्रहालय उघडण्यात आले.

आज दिसणारे डेल्फाय हे अशा रीतीने निवडीतून साकारलेले आहे. प्राचीन थर गाठण्यासाठी मध्ययुगीन वस्ती व कास्त्रीची घरे दूर केली गेली. त्यांच्या खुणा आता मुख्यतः जुन्या छायाचित्रांत व नोंदींत उरल्या आहेत. अथेन्सचे कोषागार १९०३ ते १९०६ या काळात अथेन्स नगराच्या खर्चाने पुन्हा रचण्यात आले. अथीनाच्या आवारातील वर्तुळाकार थोलॉसचे (इ. स. पू. सु. ३८०) तीन स्तंभ १९३८ मध्ये व त्या सुमारास अपोलोच्या मंदिराचे काही स्तंभ उभारण्यात आले. छायाचित्रांत डेल्फायची ओळख बनलेली ही दृश्ये विसाव्या शतकात घडलेली आहेत. त्यांतील दगड बव्हंशी प्राचीन असून त्यांची आजची मांडणी मात्र आधुनिक आहे. कवी अँगेलॉस सिकेलिआनॉस व त्याची अमेरिकन पत्नी इव्हा पामर यांनी १९२७ व १९३० मध्ये येथे डेल्फिक महोत्सव भरवून प्राचीन रंगभूमीवर नाट्यप्रयोग केले व या स्थानास पुन्हा जिवंत सांस्कृतिक केंद्र करण्याचा प्रयत्न केला.

एकदिवसीय सहल : दुसऱ्या महायुद्धानंतर मोटाररस्ते सुधारले आणि अथेन्सहून एका दिवसात डेल्फाय पाहून परतणे सुलभ झाले. बसला जाण्यास सु. अडीच ते तीन तास लागतात. थीब्झ व लिव्हाडिया या गावांवरून रस्ता पार्नॅससच्या पायथ्याशी येतो आणि उतारावर पायऱ्यांसारख्या वसलेल्या आराखोवा गावातून (सु. ९५० मी.) डेल्फायकडे उतरतो. पार्नॅससचा काही भाग १९३८ पासून राष्ट्रीय उद्यान असून त्याच्या उंच उतारांवर हिवाळ्यात बर्फावरील खेळ चालतात. याच पर्वतात बॉक्साइटच्या खाणीही आहेत. काही सहलींत वाटेवरील होसिऑस लूकास हा कुट्टिमचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला बायझंटिन मठही दाखविला जातो.

सहलीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पवित्र मार्गाने चढत कोषागारे, बहुकोनी भिंत, मंदिर व त्यावरील रंगभूमी पाहून प्रवासी खाली येतात. नंतर संग्रहालयात नॅक्सॉसचा स्फिंक्स, क्लिओबिस व बायटन यांचे म्हटले जाणारे जुळे पुतळे आणि सारथी पाहतात. ग्रीसमध्ये मार्गदर्शकाचा व्यवसाय शिक्षण घेतलेल्या परवानाधारकांसाठी आहे. त्यामुळे निवेदनाचा दर्जा चांगला असतो. वेळेची मर्यादा मात्र राहते. रस्त्याखालचे अथीनाचे आवार व व्यायामशाळा अनेकदा दुरूनच दाखविली जातात. पठारावरील कोरिशियन गुहा तर अशा सहलीच्या आवाक्याबाहेर असते. इ. स. पू. ४८० मध्ये इराणी सैन्य येत असता डेल्फायच्या अनेक रहिवाशांनी तिचा आश्रय घेतला होता. १९६९–७१ मधील उत्खननात तेथे प्राण्यांच्या घोट्यांची हजारो हाडे व मृण्मय मूर्ती मिळाल्या. मोठ्या देणग्या देऊ न शकणाऱ्या साध्या भाविकांची ती अर्पणे असावीत. मुख्य क्षेत्रातील संगमरवरी स्मारके नगरांची व राजांची आहेत. सामान्य यात्रेकरूची खूण या गुहेत अधिक स्पष्टपणे आढळते.

एकदिवसीय सहलीचा परिणाम नव्या गावावरही दिसतो. कास्त्रीचे वंशज ज्या वळणापलीकडे वसले, ते आजचे डेल्फी गाव हॉटेले, भोजनगृहे व भेटवस्तूंची दुकाने यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. बस संध्याकाळी परतली, की त्या प्रवाशांचा मुक्कामाचा खर्च गावाला मिळत नाही. यात्रेकरूंवर जगण्याचा प्राचीन डेल्फायचा व्यवहार अशा प्रकारे वेगळ्या स्वरूपात चालू आहे. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे : प्राचीन यात्रेकरू कौलाच्या दिवसाची वाट पाहत गावात राहत, आजच्या प्रवाशाला काही तासांत परतावयाचे असते.

संरक्षण : डेल्फायचे पुरातत्त्वीय स्थळ १९८७ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. इमारतींइतकाच सभोवारचा डोंगर, दरी व ऑलिव्हचे मैदान हाही या स्थळाच्या अर्थाचा भाग असल्याने परिसरातील बांधकामांचा प्रश्न सतत पुढे येतो. दरडींपासून संरक्षण, वाढत्या गर्दीचे नियमन व उघड्यावरील दगडांची झीज हे इतर प्रश्न आहेत. काही मूळ शिल्पे संग्रहालयात हलवून त्यांच्या जागी प्रतिकृती ठेवल्या आहेत. सर्पस्तंभाची प्रतिकृती २०१५ मध्ये मंदिरासमोर उभारण्यात आली. मूळ स्तंभ तेथून हलल्यास सु. १,७०० वर्षे झाली. तो येथेच उभा होता हे सांगण्याचे काम त्यापूर्वी मार्गदर्शकाच्या शब्दांवरच सोपविलेले होते. ज्या कास्त्री गावाच्या जागेवरून प्रवासी चालतात, त्याची आठवण मात्र आजही बहुतांशी त्या शब्दांवरच अवलंबून आहे.